डोलकाठीची फिटिंग्ज: तपासणं, काढणं आणि पुन्हा बसवणं

मे महिना संपत आला की मुंबई बंदरातल्या शिडाच्या छोट्या होड्या पाण्याबाहेर येतात. तळ घासला जातो, भेगा बुजवल्या जातात, सुकाणूला रंग लागतो. डोलकाठी मात्र शेडच्या कडेला आडवी पडते आणि ऑक्टोबरात जशीच्या तशी पुन्हा उभी राहते. हा क्रम मला मुळीच पटत नाही. तळाला तडा गेला तर होडी हळूहळू पाणी घेते, किनाऱ्यावर यायला वेळ मिळतो. डोलकाठीवरचं एक रिव्हेट तुटलं तर काठी, शीड आणि तारा एका क्षणात माणसांच्या अंगावर येतात. पावसाळ्याचे चार महिने काठी हाताशी आडवी असते. तिच्याकडे नीट पाहायला याहून चांगला काळ नाही.

इथे जे सांगतो आहे ते चार-पाच मीटरच्या, ॲल्युमिनियमच्या डोलकाठीच्या होड्यांबद्दल आहे. एंटरप्राइझ, फायरबॉल, फोर-सेव्हन्टी, लेझर अशा होड्या या मापात येतात. एंटरप्राइझ ही जॅक होल्ट यांनी 1956 साली आखलेली होडी. 1982 च्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या तेव्हा हा वर्ग त्यात होता, आणि फायरबॉलमध्ये फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. अशा होड्यांची काठी एकट्या-दुकट्याला उचलता येते आणि तिची बहुतेक दुरुस्ती घरच्या हत्यारांनी होते.

काठीवर असतं काय, आणि जोर कुठून येतो

खालून सुरुवात करू. पायथ्याला काठी ज्यात बसते ती टाच. तिच्या वर किकरचा कडा, म्हणजे बूमला खाली ओढून धरणाऱ्या दोरीचा आधार. त्याच्या वर गूजनेक, बूम आणि काठी यांचा सांधा. मधोमध स्प्रेडर, बाजूच्या तारांना बाहेर ढकलणाऱ्या दोन आडव्या नळ्या. त्यांच्या वर बाजूच्या तारा आणि पुढची तार अडकवण्याच्या जागा. शेंड्याला कप्पी, जिच्यावरून हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायची दोरी जाते. शिवाय दोरी आत-बाहेर जाण्याच्या खिडक्या आणि दोऱ्या अडकवायचे क्लीट.

या सगळ्या वस्तू काठीला रिव्हेटने किंवा स्क्रूने जोडलेल्या असतात. रिव्हेटला कातरीचा भार चांगला पेलतो, म्हणजे फिटिंग काठीच्या पृष्ठभागावरून घसरायला बघतं तो. फिटिंग काठीपासून सरळ उपटलं जातं तेव्हा तेच रिव्हेट दुबळं पडतं. म्हणून चांगलं फिटिंग काठीच्या गोलाईला घट्ट लपेटलेलं असतं आणि त्याची रिव्हेट बाजूंना असतात. किकरचा कडा काठीच्या मागच्या सपाटीवर चार रिव्हेटनी बसवलेला दिसला, तर तो आज घट्ट असला तरी मी तो बदलून बाजूंना पकडणारा बसवतो.

दुसरी गोष्ट भोकाची. पातळ पत्र्यातल्या छोट्या गोल भोकाच्या कडेला ताण आजूबाजूच्या तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्श यांनी 1898 साली गणिताने दाखवलं. डोलकाठी प्रत्येक लाटेला थोडी वाकते आणि सरळ होते. हजारो वेळा असं झालं की तडा सुरू होतो, आणि तो जवळजवळ नेहमी भोकाच्या कडेलाच सुरू होतो. त्यामुळे फिटिंगपेक्षा त्याखालच्या भोकाची काळजी जास्त घ्यावी लागते. गूजनेक बाजारात मिळतं. भोकाभोवतालची काठी मिळत नाही.

लेझर हे याचं उत्तम उदाहरण. तिला तारा नाहीत, काठी दोन तुकड्यांची. वरच्या तुकड्याच्या बुडाला एक प्लास्टिकची कॉलर एकाच रिव्हेटने धरलेली असते. काठी सर्वात जास्त वाकते ती याच सांध्याजवळ, आणि जुन्या लेझरची काठी मोडते तीही अनेकदा त्या एका भोकापाशी. काठी मागे वाकली की तिची पुढची बाजू ताणली जाते आणि मागची दाबली जाते. तडा ताणाच्या बाजूला उघडतो, म्हणून ते रिव्हेट मागच्या बाजूला राहील असा तुकडा बसवावा. तुकडा उलटा करून, कॉलर दुसऱ्या टोकाला लावून त्याचं आयुष्य वाढवणारेही आहेत. मोठ्या ताणापासून एक भोक दूर नेलं, की इतका फरक पडतो.

दोन धातू आणि मधलं खारं पाणी

काठी ॲल्युमिनियमची, फिटिंग स्टेनलेस स्टीलचं. हे दोन धातू खाऱ्या पाण्याने जोडले गेले की छोटी विद्युतघटमाला तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. समुद्राच्या पाण्यात या दोन धातूंत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडतो. आकडा लहान वाटतो, पण हे काम दिवसरात्र चालतं. होडी किनाऱ्यावर उभी असतानाही फिटिंगच्या मागे अडकलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि मुंबईच्या हवेत ओलावा कधीच कमी नसतो.

नव्या काठीवर ॲनोडायझिंगचा कठीण थर असतो आणि तो काठीला छान सांभाळतो. पण आपण भोक पाडतो तेव्हा नेमका तोच थर कापला जातो. उघडं ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस तिथेच एकमेकांना भिडतात. झिजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. ती स्क्रूच्या आट्यांत भरून त्याला असा जाम करते की डोकं तुटेल पण स्क्रू फिरणार नाही. रंगवलेल्या काठीवर तीच भुकटी रंगाला फोड आणते.

इथे आकारमानाचाही हिशेब आहे. स्टेनलेसचं छोटं रिव्हेट मोठ्या ॲल्युमिनियमच्या काठीत असेल तर झीज मोठ्या धातूवर पसरते, आणि मधे काही थर असला तर कित्येक वर्षं चालतं. उलट, स्टेनलेसचा मोठा पट्टा ॲल्युमिनियमच्या चार रिव्हेटनी धरला असेल तर सगळा मारा त्या चार रिव्हेटवर येतो. वरून डोकी शाबूत दिसतात, आत देठ उरलेला नसतो. खारवलेल्या होडीवर असा जोड दिसला की तो तपासत बसण्यात वेळ घालवू नये, सरळ बदलावा.

दोन धातूंच्या मधे काहीतरी ठेवणं हाच उपाय. ड्युरालॅक नावाची पिवळी पेस्ट यासाठी जुनी आणि खात्रीची आहे. तिच्यात बेरियम क्रोमेट असतं आणि क्रोमेट शरीराला घातक आहे, म्हणून हातमोजे घालून वापरावी. टेफ-जेल आट्यांसाठी फार चांगलं. पट्ट्याखाली मी शिवाय जाड प्लास्टिकचा तुकडा घालतो. रिकाम्या पॉलिथिनच्या कॅनची बाजू कात्रीने फिटिंगच्या आकारात कापली की काम होतं. व्हिनेगरचा वास येणारं साधं सिलिकॉन मात्र काठीवर कधी लावू नये. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ॲल्युमिनियमच्या झिजेला ते मदतच करतं.

तपासणी

आधी काठी उतरवणं. काठी उभी किंवा आडवी करताना, आणि होडी ट्रॉलीवरून ढकलताना, वर विजेच्या तारा नाहीत ना हे बघणं पहिलं काम. ॲल्युमिनियमची काठी आणि ओली तार विजेला सरळ माणसापर्यंत आणतात. यात हयगय नको.

काठी दोन लाकडी घोड्यांवर ठेवा, गोड्या पाण्याने धुवा आणि वाळू द्या. धुतल्याशिवाय तपासायला बसू नये, मिठाखाली तडा दिसत नाही. मग सकाळच्या तिरप्या उन्हात, टाचेपासून शेंड्यापर्यंत, काठी फिरवत फिरवत पाहा. घाई करू नका.

फिटिंगच्या कडेने लोणा लागलेल्या भिंतीसारखी पांढरी भुकटी बाहेर आली असेल तर खाली झीज चालू आहे. रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट-राखाडी वर्तुळ दिसलं, तर ते रिव्हेट हलतं आहे. हलणाऱ्या धातूची बारीक पूड ओलाव्यात मिसळून तो डाग बनतो, आणि वर्तुळ एका बाजूला लांबलेलं असेल तर जोर कुठल्या दिशेने येतो आहे तेही त्यावरून कळतं. फिटिंग हाताने धरून पिळा. नखाला जाणवेल इतकीही हालचाल नको.

तडा शोधायला भोकाच्या कडा, स्प्रेडरचं बूड आणि दोरीच्या खिडक्यांचे कोपरे या तीन जागा आधी. संशय आला तर वेल्डिंगच्या दुकानात डाय पेनिट्रंटचे तीन डबे मिळतात. साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या डेव्हलपरचा. लाल द्रव तड्यात शिरतो, वरचा पुसून काढायचा, पांढरा फवारा मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. डोळ्याला न दिसणारी केसाएवढी चीरही यात लपत नाही.

तारांवरून जुनं सुती फडकं फिरवा, उघडा हात नको. एखादा धागा तुटलेला असला की फडकं अडकतं. एकोणीस धाग्यांच्या तारेतला एक धागा जरी तुटला तरी ती तार मी बदलतो. एक तुटला तेव्हा बाकीच्यांनी त्याच्याइतकाच त्रास सोसलेला असतो. टोकाला दाबून बसवलेल्या नळीवर उभी चीर आहे का तेही पाहा. तारेची दुरुस्ती नसते, बदलच असतो.

जुनं काढताना

आधी फोटो काढा आणि मापं लिहून ठेवा. टाचेपासून गूजनेकची उंची, किकरच्या कड्याची उंची, तारांच्या जागा. शर्यतीच्या होड्यांत यातली कित्येक मापं वर्गाच्या नियमांत बांधलेली असतात, त्यामुळे फिटिंग दोन सेंटिमीटर वर सरकवण्याआधी नियम वाचावेत. काठीच्या आतून जाणाऱ्या दोऱ्याही आधीच काढून घ्या, म्हणजे ड्रिल त्यांत घुसणार नाही. दोरी ओढून काढताना तिच्या शेपटाला बारीक सुतळी बांधा आणि ती आत राहू द्या. नाहीतर पुन्हा दोरी ओवण्यात सबंध दुपार जाते.

ॲल्युमिनियमचं रिव्हेट काढणं सोपं. रिव्हेटच्याच जाडीचा बिट डोक्याच्या मधल्या खळग्यात टेकवायचा आणि हळू फिरवायचं. डोकं सुटून बिटाभोवती अंगठीसारखं फिरायला लागलं की थांबायचं. उरलेला देठ पंचाने आत ढकलायचा. रिव्हेट बिटाबरोबर स्वतःच फिरायला लागलं तर त्याच्या डोक्याखाली पातळ छिन्नी दाबून धरायची.

स्टेनलेस आणि मोनेल रिव्हेटची गोष्ट वेगळी. इथे बिट कडक धातूवरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतो आणि चांगलं भोक अंडाकृती करून टाकतो. होड्यांवरची अर्धी बिघडलेली भोकं दुरुस्तीतच बिघडलेली असतात असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी मधला दांडा पंचाने आत ठोकावा, मग कोबाल्टचा धारदार बिट, ड्रिलचा वेग कमी, दाब भरपूर, वर थोडं तेल. वेग वाढवला की बिट नुसता घासतो आणि त्या घासण्याने स्टेनलेस आणखी कडक होतं. तरीही जमत नसेल तर डोकं बारीक ग्राइंडरने घासून काढा, काठीवर आधी पत्र्याचा तुकडा ठेवून. डोळ्यांवर चष्मा हवाच.

जाम झालेल्या स्क्रूला ताकदीपेक्षा सबुरी लागते. पहिल्या दिवशी गोडं पाणी, म्हणजे मीठ विरघळेल. मग आत झिरपणारं तेल, रात्रभर. मग गरम हवेची गन. तापवल्यावर ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, तेवढ्याने पकड सैल होते. गॅसची ज्योत लावू नये, काठीच्या मिश्रधातूचा कडकपणा उष्णतेने जातो. यानंतर हातोड्याने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर. त्याचा धक्का आणि पीळ एकदम बसतात आणि पांढरी भुकटी फुटते. एवढं करूनही हललं नाही तर डोकं ड्रिलने काढून फिटिंग सोडवावं, देठाचा विचार नंतर करावा.

भोकाचं काय करायचं

फिटिंग निघालं की खरा निर्णय घ्यायची वेळ येते. भोक गोल आणि स्वच्छ असेल तर त्याच मापाचं नवं रिव्हेट चालेल. किंचित सैल झालं असेल तर एक माप वर जावं, 4.0 मिलिमीटरवरून 4.8 वर. हे एकदाच करावं. दरवेळी भोक मोठं करत गेलं तर भोकाच्या आणि कडेच्या मधे धातूच उरत नाही.

भोक लांबट झालं असेल किंवा कडेला खड्डे पडले असतील तर फिटिंग थोडं वर किंवा खाली सरकवून निरोगी धातूत नवी भोकं पाडावीत. जुन्या आणि नव्या भोकांत रिव्हेटच्या जाडीच्या निदान तिप्पट अंतर हवं, आणि पत्र्याच्या कडेपासून निदान दुप्पट. जुनी भोकं पेस्ट लावलेल्या रिव्हेटने बंद करावीत. पुट्टीने भोक झाकलं जातं, पण ताकद येत नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळायची. काठीच्या घेराभोवती एकाच उंचीवर भोकांची रांग नको. तशी रांग म्हणजे तड्याला आखून दिलेली वाट. नवी भोकं वर-खाली, आडवीतिडवी पसरवावीत.

सरकवायला जागाच नसेल तर बाहेरून पट्टी चढवावी. काठीच्या भिंतीइतक्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, काठीच्या गोलाईवर लाकडी हातोड्याने घडवलेला, कोपरे गोल केलेले. पट्टीची वरची-खालची टोकं सरळ आडवी कापू नका. ती निमुळती करा, म्हणजे काठीचा ताठपणा एका रेषेवर एकदम संपणार नाही. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून, ॲसिटोनने पुसून, एपॉक्सीने चिकटवा आणि वर रिव्हेट मारा. बराचसा भार एपॉक्सी घेते आणि रिव्हेट कडांना उचलू देत नाहीत.

वेल्डिंगचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण वेल्डर जवळ असतो आणि काम तासाभरात होतं. पण डोलकाठीचं ॲल्युमिनियम उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेलं असतं. वेल्डच्या आजूबाजूच्या पट्ट्यात ती ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. सांधा मजबूत दिसतो आणि त्याच्या शेजारी काठी मोडते. कारखान्यात वेल्ड केलेल्या काठ्यांत हा हिशेब आधीच धरलेला असतो, आपल्या दुरुस्तीत तो धरलेला नसतो.

नवं बसवताना: आधी माल

रिव्हेट कुठलं घ्यावं याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. क्लीट किंवा दोरीची छोटी कडी असेल तर ॲल्युमिनियमचं चालेल, फिटिंगही ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं असेल तर. गूजनेक, किकर, स्प्रेडर, तारा यांना मोनेलच. मोनेल हा निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू, त्यात दोन-तृतीयांशाच्या आसपास निकेल. तो मजबूत आहे, खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, आणि स्टेनलेसपेक्षा मऊ असल्याने भोकात नीट फुगून बसतो. ॲल्युमिनियमपासून तो विद्युतदृष्ट्या दूरच आहे, त्यामुळे पेस्ट इथेही हवीच. मोनेल रिव्हेटचा दांडा पुष्कळदा साध्या पोलादाचा असतो. बसवल्यावर त्याचा उरलेला तुकडा पंचाने आत पाडून, काठी उलटी करून बाहेर काढावा. आत राहिला तर तो गंजतो आणि गंजाचं पाणी काठीवर ओघळतं.

स्टेनलेस घेताना डोळे उघडे ठेवावेत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्टची दुकानंच दुकानं आहेत. तिथे नुसतं एसएस मागितलं तर 304 मिळेल, कधी कधी 202 सुद्धा. समुद्रासाठी 316 हवं, ज्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. लोहचुंबकाने यांतला फरक कळत नाही, 304 आणि 316 दोन्हींना चुंबक जवळजवळ धरत नाही. बोल्टच्या डोक्यावर ए-4 लिहिलेलं पाहावं, ते 316 च्या दर्जाचं असतं. ए-2 म्हणजे 304 चा दर्जा. पट्टी किंवा पत्रा घ्यायचा असेल तर मॉलिब्डेनम ओळखणारं द्रव येतं, त्याचा थेंब टाकून पाहावा.

मग भोक

फिटिंग जागेवर धरून एकच भोक आखा. सगळी एकदम आखू नका, पहिलं बसलं की बाकीची किंचित सरकतात. पंचाने ठोका मारून खळगा करा, 3 मिलिमीटरच्या बिटाने वाट पाडा, मग शेवटचं माप. 4.8 च्या रिव्हेटला 4.9 मिलिमीटर, 4.0 ला 4.1, 3.2 ला 3.3. भोकाची कड मोठ्या बिटाने, ड्रिलला न लावता हातात धरून, दोन-तीन वेळा फिरवून गुळगुळीत करा. हे काम एका मिनिटाचं आहे. कडेला राहिलेली धातूची खरखरीत धार हे तड्याचं पहिलं पाऊल असतं, म्हणून ते टाळू नये.

आता भोकात पेस्ट, पट्ट्याखाली प्लास्टिक, रिव्हेटच्या अंगाला पेस्ट. रिव्हेटची लांबी फिटिंग आणि काठीची भिंत मिळून जी जाडी होते तिच्याप्रमाणे डब्यावरच्या तक्त्यातून निवडा. फार लांब रिव्हेट आत सैल गोळा होतं, फार आखूड पकडतच नाही. 4.8 चं मोनेल रिव्हेट ओढायला लांब दांड्याची रिव्हेट गन लागते. साध्या गनवर दोन्ही हातांनी लटकलं तरी दांडा तुटत नाही, आणि झटका बसून रिव्हेट तिरकं बसतं. गनचं नाक फिटिंगवर सरळ टेकलेलं हवं. मधे फट राहिली तर ती तशीच कायम राहते.

स्क्रूच वापरायचा असेल तर आट्यांचा हिशेब करा. एम-5 च्या आट्यांची चाल 0.8 मिलिमीटर. काठीची भिंत 2 मिलिमीटर असेल तर जेमतेम अडीच आटे पकडतात. क्लीटला ते पुरतं, किकरला नाही. एम-5 साठी टॅप मारायचा तर बिट 4.2 चा. वारंवार काढावं लागणारं फिटिंग असेल तर रिव्हनट, म्हणजे आत आटे असलेलं रिव्हेट, बसवून त्यात बोल्ट घ्यावा.

गूजनेक आणि स्प्रेडर: दोन जागा जिथे चुकून चालत नाही

गूजनेकवर दोन दिशांनी जोर येतो. बूम काठीला पुढे ढकलत असतं, आणि किकर ताणला की तो ढकलण्याचा जोर कितीतरी वाढतो. शिवाय शीड बाजू बदलताना बूम पिळतं. म्हणून गूजनेकची खीळ आणि तिचं भोक आधी झिजतं. नवी खीळ घालून काम चालवायचं तर ते भोकही मोजावं. ते लांबट झालं असेल तर नवी खीळ महिन्याभरात तशीच खडखडू लागते. बसवताना पट्टा काठीच्या गोलाईवर कुठेही झुलता कामा नये. प्रकाशासमोर धरून पाहा. कडेखालून उजेड दिसला तर पट्टा हळूहळू दाबून जुळवा, रिव्हेटच्या जोरावर ओढून बसवू नका. तसं केलं तर रिव्हेट वाऱ्याआधीच ताणात असतं.

स्प्रेडर काढण्याआधी दोन मापं घ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, आणि दोन टोकांवर सरळ पट्टी ठेवून तिथून काठीच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर. पहिल्याने लांबी कळते, दुसऱ्याने मागचा कल. काठी किती आणि कुठे वाकणार हे या दोन आकड्यांवर ठरतं. बसवताना स्प्रेडरचं टोक किंचित वर उचललेलं हवं, इतकं की वरच्या आणि खालच्या तारेशी त्याचा कोन सारखा होईल. कोन सारखा असेल तर तार स्प्रेडरला सरळ लांबीत दाबते. खाली झुकलेलं टोक तारेवरून घसरतं, आणि वाऱ्याच्या बाजूचा स्प्रेडर घसरला की काठी मधोमध मोडायला वेळ लागत नाही. टोक तारेला बारीक वायरने बांधून घ्यावं. वर टेप गुंडाळायची तर खालचं तोंड उघडं ठेवावं. हवा बंद झालेल्या ओल्या जागेत स्टेनलेससुद्धा आतून कुरतडलं जातं, कारण त्याच्यावरचा संरक्षक थर टिकायला प्राणवायू लागतो.

शेंडा आणि टाच

शेंड्यावरची कप्पी हाताने फिरवून पाहा. अडखळत असेल, तिची खाच एका बाजूला झिजली असेल किंवा कप्पी आणि पेटीच्या मधे दोरी घुसण्याइतकी फट असेल तर बदला. ती स्वस्त वस्तू आहे, आणि वारा वाढल्यावर शीड खाली येईना याच्याइतका वाईट प्रसंग छोट्या होडीवर क्वचित येतो.

टाचेत पाणी साचतं, तिथे काठी आतून खाल्ली जाते. निचऱ्याचं भोक मोकळं आहे ना ते पाहा. काही वर्गांच्या काठ्या मात्र मुद्दाम हवाबंद केलेल्या असतात. होडी कलंडली तर काठी तरंगून तिला पूर्ण पालथी होऊ देत नाही. अशा काठीत प्रत्येक रिव्हेट पेस्टमध्ये बुडवून बसवावं आणि शेवटी काठी पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते बघावं.

लाकडी काठी असेल तर

जुन्या लाकडी काठीत विद्युत झिजेचा त्रास कमी, कुजण्याचा जास्त. सैल स्क्रूचं भोक मोठं करून, आत वाळलेलं लाकूड दिसेपर्यंत कोरून, घट्ट केलेल्या एपॉक्सीने भरा. पूर्ण वाळल्यावर त्याच्या मधोमध नवं बारीक भोक पाडा. मग स्क्रूभोवती एपॉक्सीचं अस्तर राहतं आणि पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. कोकणच्या जुन्या शिडाच्या होड्यांत परबाण, म्हणजे शीड बांधायचं लांब लाकूड, काठीला दोरानेच बांधलेलं असे. आजही किकरच्या कड्याऐवजी मजबूत दोराची बांधणी काही होड्यांवर उत्तम चालते. भोक नाही, दुसरा धातू नाही, आणि झीज डोळ्यांसमोर दिसते.

उभी केल्यावर

काठी उभी करून तारा ताणल्यावर प्रत्येक खिळीतली कडी बोटाने चाचपून पाहा. कडीची दोन्ही टोकं पूर्ण आत गेलेली हवीत. पहिली फेरी मध्यम वाऱ्यात, किनाऱ्याजवळ मारा. परत आल्यावर नव्या रिव्हेटभोवती काळं वर्तुळ उमटलं आहे का ते बघा. उमटलं असेल तर रिव्हेट हललं आहे. ते त्याच आठवड्यात काढून भोक पुन्हा मोजावं, पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नये.

काही काठ्या दुरुस्त करू नयेत. घेराच्या एक-चतुर्थांशाहून लांब आडवा तडा, भिंत दाबल्यावर आत जाणारी जागा, किंवा एकदा वाकून सरळ केलेली घडी दिसली तर ती काठी होडीवर पुन्हा चढवू नये. तिची चांगली फिटिंग्ज सोडवून घ्या, आणि निरोगी भागातून दुसऱ्या काठीसाठी पट्ट्यांचे तुकडे कापून ठेवा. नव्या काठीच्या जुळत्या मापाचा पत्रा बाजारात शोधण्यापेक्षा तो तुकडा जास्त बरोबर बसतो.